चटणीच्या पाकिटांचे स्टँड कोणाकडून करून घ्यावेत : बेळगाव, खानापूर, निपाणी येथील कामाच्या नोंदी

२ जून २०२५

आमचा कोरड्या चटण्यांचा आणि तिखटाचा उद्योग बेळगावच्या शहापूर भागात आहे. शेंगदाणा, कारळे आणि जवस यांच्या चटण्या, कांदा-लसूण मसाला आणि ब्याडगी मिरचीचे तिखट असा माल बेळगाव शहर, खानापूर, संकेश्वर आणि निपाणी येथील किराणा दुकानांत जातो. माल दुकानात पोहोचतो, परंतु गिऱ्हाइकाला दिसत नाही. पाकिटे फळीवर बिस्किटांच्या मागे आडवी पडतात किंवा काउंटरखालच्या टोपलीत जातात, आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. त्यामुळे दिवाळीपूर्वी निवडक दुकानांत स्वतःचे स्टँड ठेवायचे ठरले असून पुरवठादार निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गरज ६० उभ्या स्टँडची आणि काउंटरवर ठेवायच्या १५० लहान स्टँडची आहे. छपाई, वाहतूक आणि जीएसटी धरून दोन लाखांच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे. ज्यांना पन्नास-शंभरच्या संख्येत असेच काम करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवत आहे, कारण बहुतेक मोठे पुरवठादार एवढ्या लहान संख्येकडे लक्ष देत नाहीत आणि लहान पुरवठादारांकडे लेखी काहीच मिळत नाही.

६ जून

दर मागवण्याआधी रविवार पेठ, खडेबाजार आणि खानापूरच्या बाजारातील काही दुकानांत टेप घेऊन मापे घेतली. चित्र काढून दुकानात जागा शोधण्यापेक्षा दुकानातली जागा मोजून चित्र काढणे स्वस्त पडते. शटरच्या आत एका बाजूला तांदळाची पोती, त्यांच्या पुढे तेलाचे डबे, कोपऱ्यात खड्या मिठाचे पोते, आणि पोती व काउंटर यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट, अशी बहुतेक दुकानांची मांडणी आहे. तेथे चौदा इंचांपेक्षा रुंद वस्तू ठेवली की पहिल्याच गर्दीत ती बाहेर पायरीवर जाते आणि तेथून संध्याकाळी गोदामात.

उंचीबाबत दुकानदारांनी जे सांगितले ते कोणत्याही कॅटलॉगमध्ये सापडले नसते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला स्टँडच्या पलीकडचे गिऱ्हाईक दिसले पाहिजे, नाहीतर त्याचे अर्धे लक्ष त्या कोपऱ्यातच राहते. म्हणून उंची साडेचार फुटांवर थांबवली. रुंदी १४ इंच, खोली १२ इंच आणि पाच कप्पे असे माप नक्की केले. एका कप्प्यात २०० ग्रॅमची २४ पाकिटे, म्हणजे ४.८ किलो, आणि पाच कप्प्यांचे मिळून २४ किलो वजन होते. दुकानदार रिकाम्या कप्प्यावर साबणाचा खोका ठेवणारच हे गृहीत धरून चाचणीसाठी दीडपट, म्हणजे ३६ किलो वजन ठरवले.

दुकानदारांचा दुसरा प्रश्न भाड्याचा होता. मोठ्या कंपन्या जागेचे पैसे देतात, तुम्ही काय देणार, असे जवळजवळ प्रत्येकाने विचारले. रोख भाडे आम्हाला झेपणारे नाही, तेव्हा स्टँड उभा असेपर्यंत डझनामागे एक पाकीट जादा देण्याचे ठरले. हा खर्च स्टँडच्या किमतीत दिसत नाही, तरी तो धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

१९ जून

एकच चित्र आणि एकच मापे सर्वांना पाठवली होती, तरी आलेली दरपत्रके एकमेकांशी ताडून पाहण्यासारखी नव्हती. कोणी छपाई धरली, कोणी धरली नाही, कोणी दर नगावर तर कोणी किलोवर दिला. फोन करून सर्वांना एका पायावर आणण्यातच बरेच दिवस गेले. जीएसटी वगळून चित्र असे आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरने (लोखंडी काम करणाऱ्या कारखानदाराने) तारेच्या उभ्या स्टँडला १,६५० रुपये आणि काउंटर स्टँडला ३१० रुपये सांगितले. मच्छे औद्योगिक वसाहतीतील दुसऱ्याचा दर १,४८० आणि २७० आहे. कोल्हापूरकडच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्याने छापील कोरुगेटेड (मध्ये नागमोडी थर असलेल्या पुठ्ठ्याचा) उभा स्टँड ७८० रुपयांत आणि काउंटरचा ट्रे ९५ रुपयांत देऊ केला, मात्र उभ्या स्टँडच्या डायचे, म्हणजे पुठ्ठा कापण्याच्या साच्याचे, ९,५०० रुपये वेगळे, आणि किमान संख्या उभ्यांसाठी १०० व ट्रेसाठी ५००. पुण्याच्या एका एजन्सीने डिझाइन व छपाईसह २,४५० आणि ५२० असा दर दिला, त्यात वाहतूक आणि दुकानात उभारणी धरलेली नाही. बेंगळुरूच्या एकाने दोनशे नगांखाली काम घेत नाही असे कळवले, तेव्हा तो विषय तेथेच संपला.

सीमेपलीकडून माल घेतल्यास कर जास्त बसेल, अशी समजूत आमच्याकडे होती. प्रत्यक्षात धातूच्या स्टँडवर १८ टक्केच कर आहे. कर्नाटकातील पुरवठादार तो केंद्र व राज्य असा नऊ-नऊ टक्क्यांनी लावतो आणि कोल्हापूरचा किंवा पुण्याचा पुरवठादार आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) म्हणून एकरकमी लावतो. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) दोन्हीकडे लागते. तेव्हा सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडचा की पलीकडचा, हा प्रश्न कराचा नाही. वेळेचा आणि दुरुस्तीचा मात्र आहे.

कराबाबत सीएंनी एक गोष्ट बजावली. भेट किंवा फुकट नमुना म्हणून दिलेल्या वस्तूवरील इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, कायद्याने मिळत नाही. त्यामुळे स्टँड आमच्याच मालकीचा असून केवळ आमच्या मालाच्या मांडणीसाठी वापरण्यास दिला आहे, असे छापील पत्रक करून प्रत्येक दुकानदाराची सही घ्यायची. स्टँड परत मागण्याची वेळ आली तर त्यासाठीही हेच पत्रक उपयोगी पडेल.

२७ जून

नमुने आले. नमुन्याचे पैसे द्यावेत, फुकट मागू नये, असे माझे मत आहे. फुकटचा नमुना पुरवठादार सवडीने करतो आणि तो नाकारताना आपल्यालाच अवघड होते. सर्व नमुन्यांचे मिळून ६,४०० रुपये गेले.

मच्छेचा नमुना दिसायला उद्यमबागेच्या नमुन्यासारखाच, किंबहुना थोडा अधिक चकचकीत. चित्रात कप्प्याच्या आडव्या तारा ४ मिमीच्या मागितल्या होत्या. व्हर्नियरने (जाडी मोजण्याच्या बारीक मोजपट्टीने) मोजल्यावर उद्यमबागेची तार ४.१५ मिमी भरली आणि मच्छेची ३.४. पावडर कोटिंगचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या पावडरीच्या रंगाचा, थर दोन्ही बाजूंनी मिळून साधारण ०.१४ मिमी धरावा लागतो, म्हणजे मच्छेची तार प्रत्यक्षात १० गेजची, ३.२५ मिमीची होती. कोटिंग झाल्यावर नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही.

व्हर्नियर नसेल तर वजनकाटा पुरतो. ४ मिमी पोलादी तारेचे वजन मीटरला सुमारे ९९ ग्रॅम आणि ३.२५ मिमी तारेचे सुमारे ६५ ग्रॅम असते. आमच्या कप्प्यात बारा इंचांच्या चौदा तारा, म्हणजे सव्वाचार मीटरहून थोडी जास्त तार लागते. जाड तारेचे ४२० ग्रॅम व्हायला हवेत तेथे बारीक तारेचे २८० भरतात. पाच कप्प्यांत सातशे ग्रॅम लोखंड कमी, आणि दरातील १७० रुपयांच्या फरकाचा काही भाग तेथेच गेलेला. मच्छेच्या कारखानदाराला विचारले तेव्हा त्यांनी नाकारले नाही. तुमच्या मालाला एवढी तार पुरते, असे त्यांचे म्हणणे. ३६ किलो वजन ठेवल्यावर मधल्या तारा खाली झुकल्या आणि वजन काढल्यावरही पूर्ण सरळ झाल्या नाहीत. बारीक तार पुरते असे त्यांना वाटत होते तर दरपत्रकातच लिहून दर कमी करता आला असता. माझ्या दृष्टीने त्यांचा विषय येथे संपला, तरी काउंटर स्टँडसाठी त्यांचे नाव आणखी काही दिवस यादीत ठेवले आहे.

३ जुलै

पुठ्ठ्याचा, उद्यमबागेचा आणि पुण्याचा असे नमुने माल भरून दुकानांत ठेवले. एक संच रविवार पेठेत, एक खानापुरात. खानापूर मुद्दाम निवडले. तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग घाटमाथ्याचा असल्याने जुलैत तेथील हवाच ओली असते, आणि जे खानापुरात टिकेल ते निपाणी-संकेश्वरात टिकेलच. नमुना ठेवताना दुकानातील मामा पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "पावसाळ्यात हितं लाकूड फुगतंय, पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलाय?" ७८० आणि १,६५० या आकड्यांतील अंतर एवढे मोठे आहे की पाहिल्याशिवाय सोडवेना.

१२ जुलै

पुठ्ठ्याच्या स्टँडची ही नोंद सविस्तर लिहितो, कारण स्वस्त दरामुळे सर्वांचे पाय प्रथम त्याकडेच वळतात.

खानापूरच्या दुकानाची जमीन शहाबादी फरशीची आहे आणि ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली जाते. फरशीवर पाणी राहते, आणि स्टँडचा तळ त्या पाण्यात उभा असतो. पुठ्ठ्याच्या पृष्ठभागावर लॅमिनेशन होते, त्यामुळे समोरून काहीच बिघडलेले दिसत नव्हते. पाणी शिरले ते कापलेल्या कडेतून. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधील नागमोडी थर कडेला उघडा असतो, आणि तळाची कड फरशीला टेकलेली. साधारण अडीच इंच उंचीपर्यंत रंग गडद झाला होता, आणि बोटाने दाबल्यावर कड भिजलेल्या पावासारखी आत गेली. स्टँड पुढे झुकला होता आणि वरच्या कप्प्यातील पाकिटे एका बाजूला सरकली होती. मामांनी त्याला तेलाच्या डब्याचा टेकू दिला होता, म्हणूनच तो उभा होता.

कारखान्याला फोटो पाठवले. त्यांचे उत्तर प्रामाणिक होते. तळाला प्लास्टिकचा ट्रे जोडून देतो, नगामागे साठ रुपये वाढतील, असे ते म्हणाले. त्याने फरशीचे पाणी अडेल, हवेतील ओलावा अडणार नाही. पुठ्ठ्याची वजन पेलण्याची ताकद कोरड्या हवेतील तुलनेत नव्वद टक्के आर्द्रतेत निम्म्याच्या आसपास येते, आणि खानापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ती आर्द्रता नेहमीचीच आहे. रविवार पेठेतील त्याच बनावटीचा नमुना फळीच्या पाटावर ठेवलेला असल्याने धडधाकट होता. याचा अर्थ पुठ्ठा वाईट आहे असा होत नाही. जमिनीवर, पावसाळ्यात, चोवीस किलो वजनासाठी तो चुकीचा आहे, एवढाच होतो. काउंटरवर, दसरा-दिवाळीच्या कोरड्या दिवसांत, दोन-अडीच किलो वजनासाठी ९५ रुपयांचा ट्रे घ्यायला हरकत नाही, आणि त्या कामासाठी हा कारखाना यादीत राहिला.

१८ जुलै

तारेच्या स्टँडचेही सर्व ठीक नव्हते. खानापुरातील उद्यमबागेच्या नमुन्याच्या पायांवर, स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांभोवती, तांबूस कडी दिसू लागली. दुकानदाराने स्टँड मिठाच्या पोत्याला लावून ठेवला होता, आणि पावसाळ्यात मिठाला सुटलेले पाणी थेट पायाखाली जात होते. जागा बदलायला सांगणे हा उपाय नाही, कारण प्रत्येक किराणा दुकानात मीठ जमिनीवरच असते.

नमुना कारखान्यात परत नेला आणि त्यांच्यासमोरच चाचणी केली. ब्लेडने कोटिंगवर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून लहान चौकटी पाडायच्या, त्यावर चिकटपट्टी घट्ट बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीवर चौकटींचे तुकडे आले तर थर लोखंडाला धरलेला नाही. पट्टीवर बरेच तुकडे आले. कोटिंगआधी काय करता, असे विचारल्यावर थिनरने पुसतो, असे उत्तर मिळाले. तेल आणि गंज काढणे, धुणे, फॉस्फेटिंग (रंग धरण्यासाठी रासायनिक थर देणे), पुन्हा धुणे अशा टाक्यांच्या प्रक्रियेतून तार गेली पाहिजे, तरच पावडर भट्टीत भाजल्यावर घट्ट बसते. त्यांच्याकडे टाक्या नाहीत. त्याच वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्या एकाकडे आहेत. तेथून काम करून घेण्यास ते तयार झाले, दर नगामागे ९० रुपयांनी वाढून १,७४० झाला, आणि त्यात पायांना नायलॉनचे बूट बसवणेही आले. काउंटर स्टँडचा दर ३२० झाला.

नमुन्यातील दुसरा दोष रविवार पेठेत सापडला. कप्प्याच्या तारांची टोके कडेबाहेर अर्धा मिलिमीटर आली होती आणि पाकीट ओढून काढताना तळाला छिद्र पडत होते. शेंगदाण्याच्या चटणीला तेल सुटते, त्यामुळे खालच्या कप्प्यातील पाकिटांवर तेलाचे डाग आणि त्यावर दुकानातली धूळ, असा प्रकार झाला. टोके ग्राइंड करून कडेच्या आत घेण्याची अट चित्रावर लाल पेनने लिहिली.

कारखान्यातील दोष त्यांच्याच मालकांसमोर दाखवता आला, त्यांनी वाद न घालता उपाय सांगितला, आणि सुधारलेला नमुना काही दिवसांत हाती आला. निवड बऱ्याच अंशी येथे झाली.

२४ जुलै

पुण्याचा नमुना सर्वांत देखणा आणि सर्वांत मजबूत होता हे लिहिले पाहिजे. चौकोनी पाइपची चौकट, नीट बसणारे कप्पे, कोटिंगला चिकटपट्टीच्या चाचणीत ओरखडाही नाही. मॉलमध्ये ठेवायचा असता तर दुसरा विचार केला नसता. परंतु एक कप्पा वाकला तर साडेतीनशे किलोमीटरवरून येऊन तो बदलणार कोण, या प्रश्नाला नवीन कप्पा कुरिअरने पाठवू, खर्च तुमचा, असे उत्तर आले. त्यांचे चुकले असे नाही, त्यांचा धंदा मोठ्या साखळी दुकानांचा आहे. आमच्या दुकानांत स्टँडवर कोणीतरी हात टेकणारच, त्याला सायकल टेकवणारच.

३० जुलै

स्टँडच्या वरच्या बाजूला लावायच्या जाहिरातीच्या पट्टीची छपाई स्टँडपासून वेगळी केली, आणि ज्यांची उत्पादने वर्षभरात बदलतात त्यांनी तसेच करावे. लोखंडाला दोन-तीन वर्षे काही होत नाही, पट्टी मात्र सणासणाला बदलावीशी वाटते. त्यामुळे स्टँडवर फक्त पट्टी सरकवण्याची खाच ठेवली आणि ५ मिमी सनबोर्डवरची (फोमच्या हलक्या बोर्डवरची) छपाई शहरातील एका फ्लेक्सवाल्याकडे दिली.

मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हींत आहे. व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचे बंधन २०२४ च्या दुरुस्तीने आले आहे. दुकानातील स्टँड हा नामफलक नाही, तरी स्टँड दाराशी येतो, रस्त्यावरून दिसतो, आणि दुकानदाराला कोणाशीही वाद नको असतो. त्यामुळे वर मोठ्या अक्षरांत कन्नड आणि खाली मराठी अशी रचना केली. निपाणी आणि खानापूरच्या दुकानदारांनाही ती चालली.

पहिला प्रूफ मात्र परत पाठवावा लागला. डिझाइनरने कन्नड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्याने अक्षराखाली येणारी जोडाक्षरे सुटी होऊन बाजूला पडली आणि काही पट्टीच्या खालच्या कडेने कापली गेली. मराठी मजकूर ठीक होता म्हणून कोणाच्या ते पटकन लक्षात आले नाही. आमच्याकडे पॅकिंगला असलेल्या बैलहोंगलकडच्या मावशींनी ते पहिल्या नजरेत पकडले. फाइल देण्याआधी मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे चित्रात रूपांतर करून, घ्यावा आणि छापील प्रूफ त्या भाषेत रोज वाचणाऱ्या माणसाला दाखवावा, असा नियम आता केला आहे.

५ ऑगस्ट

उद्यमबागेच्या फॅब्रिकेटरला ऑर्डर दिली. ६० उभे स्टँड १,७४० प्रमाणे १,०४,४०० रुपये, १५० काउंटर स्टँड ३२० प्रमाणे ४८,००० रुपये, एकूण १,५२,४०० अधिक जीएसटी. काउंटर स्टँड मच्छेकडे दिले असते तर थोडे पैसे वाचले असते. एका रंगाचा माल दोन भट्ट्यांतून काढला की लाल रंगाच्या दोन छटा होतात, म्हणून दिले नाहीत.

ऑर्डरीच्या कागदावर तारेचा गेजऐवजी मिलिमीटरमधील व्यास, एका सुट्या कप्प्याचे कोटिंगपूर्वीचे वजन, फॉस्फेटिंगची अट, टोके ग्राइंड करण्याची अट आणि स्टँड सपाट फरशीवर न डुलण्याची अट लिहिली. मंजूर नमुन्यावर दोघांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवून तो आमच्याकडे ठेवला. पैसे ४० टक्के आगाऊ, ५० टक्के तपासणीनंतर आणि १० टक्के माल स्वीकारल्यावर तीस दिवसांनी. शेवटची मुदत तीस दिवसांची ठेवण्यामागे कारण आहे. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे, आणि अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांच्या आत, करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमानुसार तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. राखून ठेवलेले दहा टक्के या मर्यादेत बसले पाहिजेत. रक्कम अडवून धरण्याची सवय असलेल्यांनी हे कलम आधी वाचावे.

२० ऑगस्ट

काम मागे पडले आहे. कारखान्यातील निम्मे कामगार खानापूर आणि चंदगडकडच्या गावांतले. जुलैत भाताच्या रोप लावणीला ते गेले तेव्हाच सुधारलेला नमुना थोडा लांबला होता, आणि आता २७ तारखेला गणेश चतुर्थी आहे. बेळगावात गणपतीत कोणी वेल्डिंग मशीन सुरू ठेवील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ऑर्डर देताना सप्टेंबरचा पहिला आठवडा ठरला होता, तो आता अनंत चतुर्दशीनंतर, म्हणजे ६ सप्टेंबरच्या पुढे जाईल. मालकांनी हे आधीच सांगितले असते तर बरे झाले असते. पण येथे धंदा करणाऱ्याला हे सांगावे लागावे असेही नाही. दसरा २ ऑक्टोबरला आहे, त्यामुळे हाताशी वेळ उरतो, फार नाही.

१२ सप्टेंबर

पहिला लॉट पाहायला कारखान्यात गेलो. कोटिंगआधी पाहणी करण्याचा आग्रह धरला होता आणि तो योग्य ठरला. कप्प्यांचे वजन बरोबर, टोके साफ. परंतु तयार स्टँड सपाट फरशीवर एकेक करून उभे केले तेव्हा चौदा स्टँड डुलले. एक पाय दोन-तीन मिलिमीटर वर राहत होता. कारण टेबलावरच सापडले. नमुना मुख्य वेल्डरने हाताने मापून जुळवला होता, लॉटचे काम मात्र दोघा-तिघांनी केले आणि त्यांच्याकडे जिग (जोडताना भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) नव्हता. वेल्डिंग होताना चौकट ओढली जाते, आणि ती धरून ठेवणारे काही नसेल तर प्रत्येक स्टँड आपापल्या अंगाने वाकडा होतो.

बूट लावले की चालून जाईल, असे एक वेल्डर म्हणाला. ते चालले नसते. चोवीस किलो माल भरल्यावर डुलणारा स्टँड दुकानदार दुसऱ्याच दिवशी बाजूला करतो. मालकांनी जाड पत्र्यावर चार खुंट्या वेल्ड करून जिग बनवला, डुलणारे स्टँड तोडून पुन्हा जोडले, आणि उरलेले त्याच जिगवर केले. या दुरुस्तीत आठवडा गेला. जादा पैसे त्यांनी मागितले नाहीत. जिग सुरुवातीलाच आहे का, हे आता मी दर विचारण्याआधी विचारीन. कोटिंगनंतर हा दोष सापडला असता तर चौदा स्टँडचा रंगही वाया गेला असता.

२२ सप्टेंबर

सर्व माल ताब्यात आला. शहरातील स्टँड आमच्या गाडीने आणि खानापूर, संकेश्वर, निपाणीचे टेम्पोने पोहोचवले. टेम्पोला ९,२०० रुपये लागले. निपाणीच्या खेपेत एक कप्पा वाकला, कारण स्टँडवर स्टँड आडवे रचले होते. मध्ये पोत्याचे तरट घालून उभे रचायला हवेत. वाकलेला कप्पा दुसऱ्या दिवशी उद्यमबागेत सरळ करून मिळाला.

पट्ट्यांचे ८,७०० रुपये, स्टँडचे १,५२,४०० रुपये, दोन्हींवरील जीएसटी २८,९९८ रुपये, टेम्पो आणि नमुने धरून एकूण २,०५,६९८ रुपये झाले. जीएसटीचे क्रेडिट मिळेल, परंतु पैसे आज हातातून जातात, म्हणून ठरवलेल्या रकमेशी तुलना करताना मी ते धरूनच करतो. दुकानदारांना द्यायची जादा पाकिटे यात नाहीत.

९ ऑक्टोबर

दुकानांची पाहणी. बहुतेक ठिकाणी स्टँड ठेवला होता त्याच जागी आहे. काही दुकानांत आमच्या कप्प्यांत दुसऱ्यांची पापडाची पाकिटे येऊन बसली आहेत. त्याला उपाय म्हणून पुढच्या ऑर्डरमध्ये कप्प्यात आमच्या पाकिटाच्या रुंदीचे उभे दुभाजक घालायचे आहेत. फॅब्रिकेटरने नगामागे ७० रुपये सांगितले असून जुन्या स्टँडना अडकवता येतील असे सुटे दुभाजक करता येतात का, हे ते पाहत आहेत.

कोल्हापूरकडच्या कारखान्याचे ५०० पुठ्ठ्याचे ट्रे दिवाळीसाठी आले. नगाला ९५ रुपये आणि ट्रेच्या लहान डायचे ४,००० वेगळे. छपाई उत्तम, माल वेळेवर. काउंटर कोरडा असल्याने भिजण्याचा प्रश्न नाही, आणि सण संपल्यावर ते रद्दीत जाणार हे गृहीतच आहे. त्या कारखान्याला पुढील वर्षी उन्हाळी लोणचे-मसाल्याच्या हंगामात, मार्च ते मेमध्ये, पुन्हा विचारणार आहे.

खानापूरच्या मामांच्या दुकानातील स्टँड पुन्हा मिठाच्या पोत्याला टेकलेला आढळला. नायलॉनच्या बुटांवर मिठाचा पांढरा थर आहे, वरच्या तारेवर गंज नाही. राखून ठेवलेले १५,२४० रुपये २२ तारखेला द्यायचे आहेत. त्याआधी खानापूरचे सर्व स्टँड पुन्हा एकदा पायांकडून तपासून घेतो.